हद्दकायम

वारज्यात सुतारांच्या गिरणीत
ज्वारीचा नंबर लावून उभा होतो,
तेव्हा ऋजुताचा व्हिडिओ कॉल आला.
जात्याच्या घरघरीत काही ऐकू येईना.
तिचे ओठ हलतायत, मागे ओली झाडं,
आणि चौकटीत न मावणारी तोंडं:
सेल्वन, तुर्कस्तानची एलिफ,
आणि एक उंच मुलगा, ज्याचं नाव
तिसऱ्यांदा सांगूनही माझ्याकडे टिकत नाही.
पाच जणांत एकच तिकीट, पहाटेच निघालेले.
मी दिलेली बाकरवडी, जी तिनं महिनाभर पुरवली होती,
डोंगर चढायच्या आतच संपली.

"बाबा, हे बघ."
तिनं फोन खाली वळवला.
एक दगड.
"माझा डावा पाय जर्मनीत, उजवा नेदरलँड्समध्ये,
आणि एलिफची सॅक बेल्जियममध्ये ठेवलीय."
शिपाई नाही, तारेचं कुंपणसुद्धा नाही.
देश बदलल्याचं
फक्त मोबाईलला कळलं म्हणे,
स्वागताचा मेसेज आला,
दोन पावलं मागे गेली तर परत आला.

छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी,
मला दगड दाखवतेस?
ओरडून विचारलं, "कुणी हलवला तर?"
"कोण हलवेल, बाबा?"
सुतारांनी माझी ज्वारी वर ओतली.

कोण हलवेल.
पुरंदरला दोघे भाऊ होते, कोंढाळकर.
थोरल्यानं रात्रीतून दगड उपटून
वीतभर पलीकडे रोवला
आणि सकाळी माझ्या साखळीला हात लावून
म्हसोबाची शपथ घेतली.
धाकटा काही बोलला नाही,
बांधावरच्या बोरीखाली ढेकळं फोडत बसला.
आम्हाला दोन्ही घरांतून वेगवेगळा चहा आला.
दोन्ही प्यावे लागले,
एक सोडला असता तर नकाशाच फितूर ठरला असता.
सह्या घेतल्या, अंगठे घेतले,
हद्द कायम केली.
पुढच्या चैत्रात परत अर्ज.
हा शब्द मी हजारदा लिहिला असेन,
कायम काही झाल्याचं आठवत नाही.

हे तिला सांगायचं होतं.
पण तिकडे वारा, इकडे गिरणी,
आणि त्या उंच मुलाच्या खांद्यावर
तिचा हात होता, सवयीचा.
तेवढं अंतर मोजलं
आणि नजर काढून घेतली.
"जेवलीस का?" एवढंच विचारलं.
"कुठल्या देशात?" म्हणून ती हसली,
आणि रेंज गेली.

घरी आलो. पार्किंगमध्ये
घैसासांची स्कूटर पिवळ्या रेघेच्या आत,
माझ्या बाजूला, चार बोटं.
रेघ मीच मारलेली,
दोरा धरून, टेप लावून, दिवाळीच्या आधी.
तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो
की आम्ही दोघंही मोबाईल बघतो.
सोसायटीला द्यायचं पत्र खिशात आहे.
एकदा धुण्यात गेलं,
पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

पीठ गरम होतं, डबा पोटाशी धरलेला.
काय वाटलं कोण जाणे,
एक पाय रेघेपलीकडे टाकला,
दुसरा आमच्याच हद्दीत,
आणि तसाच उभा राहिलो.
वॉचमन तुळशीराम धावत आला,
"काका, चक्कर येतीये का?"
"नाही रे. फोटो काढ.
दोन्ही पाय आले पाहिजेत."
वर घैसासांचा पडदा हलला.
मी हललो नाही.

तिचं घड्याळ साडेतीन तास मागे.
कुठल्या देशात तिनं तो उघडला, विचारलं नाही.
उत्तर आलं:
बाबा, डबा तिरका झालाय.
पीठ सांडतंय.