मुद्देमाल क्रमांक तीन

पंचनाम्यात लिहिलंय: कुंडीसह रोपे तीन,
उंची अदमासे अडीच फूट, पाने हिरवी.
खाली सही माझी. अक्षरही माझंच.
जागा: शिवोली, आरोपीच्या घरामागची न्हाणी,
जिथे उजेड काचेच्या दोन कौलांतून येतो.

आता पाने हिरवी नाहीत.
पहिली दोन रोपं मालखान्यात, जप्त स्कूटरांच्या मागे,
आठवड्यात गेली.
साहेब म्हणाले, तिसरं मेलं
तर कोर्टात कुंडीत तुला उभा करीन.
तेव्हापासून क्रमांक तीन
ठाण्याच्या मागच्या पायरीवर असतं,
गळ्यात लाखेचं सील,
आणि हजेरी लावायच्या आधी
मी त्याची पानं मोजतो.

खालची पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या,
तालुक्याच्या नकाशात नद्या राहिल्या, शेतं गेली, तशी.
टोकं विडी विझवल्यासारखी.
बायकोला विचारलं, पान न दाखवता. म्हणाली, ताक घाल.
हवालदार मोरजकर म्हणाला, चुना.
म्हापशाच्या खतवाल्याने विचारलं, झाड कसलं?
मी गणवेशात होतो.
म्हटलं, अंबाडी.
त्यानं मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं
आणि दोन मुठी युरिया फुकट दिला.

युरियानं पानं काळपट झाली,
मांजराच्या नखांसारखी आत वळली.

शेवटी आरोपीकडेच गेलो.
एव्हारिस्त मेस्त, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम,
जामिनावर, सोमवारी हजेरी.
माझ्या खाकी पँटी त्यानेच शिवलेल्या.
रुमालातून पान काढून मशीनवर ठेवलं.
"सायबा, हें कसलें पान? हांव नेणा."

बरोबर.
ओळखलं तर गुन्हा कबूल,
नाही ओळखलं तर झाड मरतं.
त्यानं मशीनचं चाक हाताने अर्धं फिरवलं, थांबवलं.
"समज, टोमॅटो."
"समज," मी म्हटलं.

"आधी उलट बाजू. कापड असो, माणूस असो,
शिवण उलटीकडूनच कळते."
चष्मा कपाळावर ढकलून त्यानं पान उजेडाला धरलं,
अंगठ्यानं पोत चाचपला.
"कोळी नाहीत. असते तर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके,
आणि धाग्याहून बारीक जाळं.
रोग नाही हा. कोणीतरी फार खाऊ घालतंय तुझ्या टोमॅटोला.
पाणी?"
"दिवसातून दोनदा. रात्रपाळीला तिसऱ्यांदा."
"कुठलं?"
"ठाण्याच्या बोअरचं."
"खारं. पाय भिजलेले आणि घशात मीठ.
विहिरीचं गोडं पाणी एकदाच भरपूर ओत, खालून निथळू दे.
मग हात बांधून बस. कुंडी उचलून बघ,
हलकी लागली तरच पाणी.
पिवळं पान परत हिरवं होत नाही,
त्याच्याकडे बघू नकोस. शेंड्याकडे बघ."

बाकीच्या दोन टोमॅटोंचं
त्यानं विचारलं नाही. मशीनला तेल घालत राहिला.
मी टोपी हातात फिरवत राहिलो.

हात बांधून बसणं कठीण.
चोराच्या पाळतीवर नऊ तास बसलोय मी, काजूच्या बागेत,
डास मारायलाही न हलता.
पण एका कुंडीशेजारी
हात आपोआप तांब्याकडे जातो.

बाराव्या दिवशी शेंड्यात दोन पानं,
करवतीच्या दातांची, नखाएवढी,
पंचनाम्यात नसलेली.
आता उंची तीन फूट चार इंच.
वकील विचारतील, जप्त केलेलं झाड हेच का?
काय सांगू, शपथेवर?

म्हापशाच्या कोर्टात तारीख पुन्हा पुढे गेली.
व्हरांड्यातल्या बाकावर मेस्त बसला,
मधे एका माणसाची जागा सोडून.
समोर बघतच म्हणाला,
"टोमॅटो?"
"फुटवा आलाय."
मग हात लांब करून
माझ्या बाहीचा एक सुटलेला धागा
त्यानं ओढून तोडला.