शिवलेलं

लेस्टरला आल्यापासून मी लेबलं वाचते.
कॉलर उलटी करून, चष्मा कपाळावर चढवून,
काउंटरवरची पोरगी जांभया देईस्तोवर.
कुठल्या देशातून आलं, कुणाच्या पोटावर पाय देऊन.
केळ्यांवरचे न्याय्य व्यापाराचे स्टिकरसुद्धा
सोलून फ्रिजच्या दाराला लावते.
चौतीस झाले.

नवरा म्हणतो, नाकाने कांदे सोलतेस.
सोलते. ऑरगॅनिक.

खरं तर हे माझं सोवळं.
हसू येतं मलाच. ज्या सोवळ्याबाहेर
माझी माणसं पिढ्यान्पिढ्या
ओंजळ पुढे करून उभी राहिली,
तेच मी इथे ट्रॉली ढकलत नेसते:
हे चालतं, ते चालत नाही,
त्या कंपनीची तर सावलीही नको.

मार्चमध्ये एक शर्ट घेतला. फिकट हिरवा, बारा पौंड.
लेबलवर इंग्लंड.
म्हटलं, सुटले. इथे कायदे आहेत,
इथे बाहीसाठी कुणाचा जीव जात नाही.

शेजारच्या रमीलाबेनना दाखवायला गेले.
त्यांनी तो आधी उलटा केला,
काखेतली शिवण अंगठ्याने चाचपली,
आणि शाळा सुटताना गर्दीत
आपलं पोर ओळखावं तशा म्हणाल्या,
"आ तो अमारुं."
त्या शुक्रवारी हिरवा दोरा संपला होता,
म्हणून आतून पांढरा.
तासाला किती, ते बोटांवर सांगितलं.
चार बोटं. मग त्यातलं एक अर्धं मिटलं.

तो कारखाना आमच्या बसथांब्यावरून दिसतो.
मी रोज त्याच्याखालून लायब्ररीला जाते.

काय बोलले आठवत नाही. परत करते, असं काहीतरी.
त्यांनी लोंबता दोरा दातांनी तोडला,
शर्ट माझ्या अंगाला लावून खांदे जुळवले.
परत कशाला? बसतोय ना नीट.

आपल्या भाषेत शिवणं एकच:
सुईने करतात तेही,
आणि विहिरीपाशी आम्ही करायचं नव्हतं ते.

शर्ट दारामागे टांगलाय. घातला नाही, टाकलाही नाही.
गुरुवारी चर्चमागच्या हॉलात सभा आहे,
कारखान्यातल्या आठ बायका आणि कुणी वकील.
कागद इंग्रजीत आहेत, येशील का, म्हणाल्या रमीलाबेन,
तू वाचतेस ना
बारीक अक्षरातलं.