कानातलं तेल

पहाटे चार पन्नासला शंभर टक्के.
संध्याकाळी सहाला अकरा.
मधले तेरा तास मी फोनला हातही लावलेला नाही.
जुबैलच्या रिफायनरीत गेटच्या आत फोन चालत नाही.
एक ठिणगी पुरते, असं पाच भाषांत लिहिलंय,
त्यात मराठी नाही, पण मला कळतं.
लॉकर बेचाळीस. किल्ली गळ्यात, ताइताशेजारी.

मग खाल्लं कोणी?

संशय आधी उन्हावर गेला: पत्र्याचा लॉकर, बाहेर सत्तेचाळीस.
मग फोनच्या कंपनीवर.
मग, खोटं कशाला बोलू, जुबेदावर,
दिवसात किती वेळा लावते ही!

शुक्रवारी मोइदूच्या दुकानात गेलो.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
फोनच्या आत कुठे कुठे बोट घातलं.
बॅटरी ठणठणीत, म्हणाला. हे बघ.
स्क्रीन, चार टक्के. फोटो, एक.
कॉलचं ॲप, एकाहत्तर.

पण मी तर कॉल करतच नाही, येतात फक्त.

येतात ना, तेच.

(इनकमिंग फुकट झालं तेव्हा
माझ्या मामूने दाभोळच्या जेटीवर पेढे वाटले होते.)

मोइदू सांगतो, बोलण्यात जातं ते जातंच,
जास्त जातं जागं राहण्यात.
कोणी हाक मारली तर, म्हणून
आत एक जण बसून असतो.
मधेच उठतो, सर्व्हरच्या दाराशी जाऊन विचारतो,
आमचं काही आलंय का?
नाही.
परत येऊन बसतो. पाठ टेकत नाही.

असं एक माणूस आमच्या घरीही आहे, मी म्हटलं.
माझ्या हिंदीतून त्याला काय कळलं कोण जाणे,
पाच रियाल कमी घेतले.

आपल्यात डोळ्यांत तेल घातलं की जागता येतं
आणि कानात घातलं की काही ऐकू येत नाही.
तेल तेच.
मी तर तेलाच्याच गावात राहतो,
बॉयलरसूटला तेल, नखांत तेल,
बिर्याणीला हात लावला तरी वास तेलाचा.
मोइदूने एक बटण दाखवलं, डावीकडे सरकवायचं.
सरकवलं.
फोनच्या कानात तेल.

शनिवारी सहाला लॉकर उघडला: अठ्ठ्याऐंशी!
बसमध्ये आलमगीरला दाखवलं, पुढच्या सीटवरच्या नेपाळ्यालाही.
कोणी पगारवाढ दाखवावी तसं.
मग ॲप उघडलं.

अडकलेली फेरीबोट एकदाची धक्क्याला लागावी
आणि सगळी माणसं एकदम उतरावीत, तसे
सात मिस्ड कॉल, सव्वातीनच्या आसपासचे.
मागून नाझनीनचा आवाज, सहा सेकंद:
अब्बा, दात पडला. मुठीत धरलाय.
तुम्ही बघितलात की कौलावर टाकणार.

त्याखाली आणखी एक, तासाभरानंतरचा.
शब्दांतून वारा जातोय, स चा थ झालाय:
अब्बा, अंधार पडला. मी टाकला.

तिकडे साडेआठ वाजून गेलेले.
जुबेदा म्हणाली, झोपली, उठवू का?
नको म्हटलं.

अठ्ठ्याऐंशी टक्के.
एवढ्यात तिचे वीसच्या वीस दात बघून झाले असते.

रात्री बटण परत उजवीकडे.

आता पुन्हा अकरा, कधी नऊ.
एकदा तर गेटपासून बसपर्यंत जाईतो मेला.
लॉकर उघडतो तेव्हा फोन कोमट लागतो,
कोणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा.
खोलीत सहा माणसं, दोन सॉकेट,
त्यातलं एक भाताच्या कुकरला.
चार्जिंगला माझा नंबर चौथा.
तोवर हातात धरून बसतो.