पेन्सिलीने

दारखानला फेब्रुवारी म्हणजे उणे एकतीस.
सिमेंट गोदामात गप्प,
क्रेनच्या मानेवर बर्फ,
आणि मी भिंतीवरच्या तक्त्यात माणसं मांडते आहे.

चौकोन एकशे बारा.
काँक्रीट ओतायचं एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या तोंडाशी,
मधे नादमचा सण,
तेव्हा प्रत्येक गवंडी स्वतःला पैलवान समजतो
आणि चौथ्या दिवशी खांदा धरून येतो.
तेही हिशेबात धरावं लागतं.

सळईकाम : दम्दिनची टोळी, सात जण.
पण दम्दिन आणि शटरिंगवाला ओचिर
एका पाळीत नकोत.
एका घोडीवरून सुरू झालं होतं, म्हणतात.
स्वयंपाकाला त्सेरेनखांद, हे नाव मी सगळ्यांच्या आधी लिहिते.
पगार उशिरा झालेला खपतो,
सूप पातळ झालेलं खपत नाही.

मुख्य कचेरीतून यादी आली अकरा नावांची,
सगळे कुणाचे ना कुणाचे भाचे.
घोड्यांच्या मुलखात
खोगीरभरतीला काय तोटा!
त्यांना टेप धरायला लावलं.

उरला टॉवर क्रेनचा चौकोन.
तिथे एकोणीस वर्षं एकच नाव.
घरात शिरून कडी लावावी
तसं न बघता लिहायची मी ते.

काल पुरेवझाव आला.
लिफ्ट बंद. मला इथे बसून जिना ऐकू येतो :
पहिल्या वळणावर थांबला.
दुसऱ्या वळणावर थांबला,
तिथे कुणाशी तरी बोलला मोठ्याने.
तिथे कुणी राहत नाही.

क्रेनची शिडी बेचाळीस मीटर.

मीठ घातलेला चहा त्याने निम्मा ठेवला,
तक्त्याकडे बघत राहिला.
माझ्या रकान्यांत वय आहे, अनुभव आहे,
'दोनदा थांबला' असा रकाना नाही.

मग म्हणाला,
'वर अंखबायरला बसव. हात हलका आहे पोराचा.
घाई करतो, ती सुटेल.
मी खाली उभा राहीन,
हाताने सांगेन त्याला.'

सिग्नल देणारा :
तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ,
पगार दोन पायऱ्या खाली.

मी खोडरबर शोधत होते, उगाच, सगळ्या खणांतून.
त्याने अंगठा ओला केला
आणि स्वतःच पुसलं.
नीट गेलं नाही.
करड्या डागावर मी अंखबायर लिहिलं,
दुपारी ऊन तिरपं आलं की खालचं वाचता येतं.

खालच्या ओळीत त्याचं नाव घातलं.
पगाराचा आकडा मात्र जुनाच,
आणि शाईने.
कचेरी विचारेल. विचारू दे.
दोन भाचे कमी करीन.