डावी बाजू वर

शलाका घनवट दातांच्या दवाखान्यात नंबर लावते.
सोमवारी आली, वही काउंटरवर उघडली,
म्हणाली, चीनच्या जुन्या काळातला पोशाख,
उभे, पूर्ण अंगाचे बारा फोटो. किती घ्याल?

सेलूच्या मोंढ्यामागं माझा स्टुडिओ.
इथं लोक येतात फॉर्मला लावायच्या फोटोसाठी,
स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी,
नाहीतर कुणी गेलं की घाईघाईत
कुठल्यातरी बारशातला ग्रुप फोटो घेऊन:
यातले हे मामा तेवढे मोठे करा, अन् कोट घाला.
मी घालतो. संगणकात माझ्याकडं तीन कोट आहेत,
एक राखाडी, दोन काळे.
अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवर हेच तीन कोट.

चीनचा एकही नाही.

वहीत तिनं सगळं काढलेलं.
बाही जमिनीपर्यंत. अंबाड्यात दोन काड्या.
मागं चंद्र. झाडाला गुलाबी फुलं, पानं नकोत.
धुकं, आणि धुक्यापुढं प्रश्नचिन्ह.

माझ्याकडं पडदे चार:
ताजमहाल, धबधबा, पुस्तकांचं कपाट,
आणि एक निळा, फुगे रंगवलेला.
ती निळ्यापाशी थांबली. म्हणाली, उलटा लावला तर?
मागच्या बाजूनं तो दिवेलागणीच्या आभाळासारखा निघाला.
बावीस वर्षं टांगलाय मी तो.

चंद्राला परात.
बायकोनं दिली, वर सांगितलं,
रविवारी चारच्या आत परत पाहिजे, पाहुणे आहेत.
झाड म्हणजे पळाटी,
तिच्या भावानं मोटरसायकलला आडवी बांधून आणलेली,
येताना दोघांच्या अंगावर ओरखडे काढत.
वाळक्या बोंडांत आम्ही क्रेप कागद खोचत बसलो.
एकात थोडा कापूस राहिला होता.
काढायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.
धुक्याला मंडपवाल्याचं मशीन, तासाला आठशे.
तिनं आठशे खोडलं, लिहिलं: उदबत्त्या.
मग तेही खोडलं.

कापड मात्र मंडपवाल्याचंच,
खुर्च्यांच्या पाठीला बांधतात ते सॅटिन, मोरपंखी,
नऊ मीटर, एका जागी वरणाचा डाग.
डाग बाहीच्या आत जाईल, रऊफ मास्तर म्हणाले,
बाहीत काय, आख्खं गाव जाईल.
माप घेताना त्यांनी तीनदा विचारलं, कुठपर्यंत?
तिनं तीनदा वाकून फरशीला बोट लावलं.
मग जेवायचं कसं?
जेवायचं नाही, मास्तर. उभं राहायचं.

गुरुवारी घालून बघितलं.
लाईट गेलेली, म्हणून दुकानाच्या दारातच.
झग्याचे दोन पदर छातीवर एकमेकांवर येतात,
मास्तरांनी उजवा वर घेतला होता,
बायकांच्या कपड्यांना घेतात तसा, सवयीनं.
आरशात ते बरोबरच दिसत होतं.
तिनं मान खाली घालून स्वतःकडं बघितलं
आणि गप्प झाली.

तिकडं डावा वर असतो, म्हणाली थोड्या वेळानं.
उजवा वर घेतात तो मेलेल्या माणसाला.

मास्तरांनी दातातली टाचणी काढली.
उतरव बाई आधी, एवढंच म्हणाले,
अन् शेजारची शटरं पडली तरी
मोबाईलच्या उजेडात उसवत बसले.

रात्री मी संगणक लावला.
नवरा-बायको दोघंही गेलेले असले
की एकाचा फोटो मी कधीकधी आडवा उलटवतो,
भिंतीवर तोंडं एकमेकांकडं व्हावीत म्हणून.
त्यासोबत भांग उलटतो, तीळ उलटतो,
कोटही उलटतो.
म्हणजे काही जणांना मी न कळता
बरोबर बाजूनं निरोप दिला होता.
बाकीच्यांना अजून जिवंत माणसाचा कोट आहे.
राखाडीतले ते मामा, गेल्या पोळ्याचे,
त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिलो.
उलटवलं नाही.

वही ती माझ्याकडंच ठेवून गेलीय.
रविवार, सकाळी अकरा, असं तिच्या तिरक्या अक्षरात.
त्याखाली मी लिहिलं:
हिचा एकही फोटो उलटवायचा नाही.
आणि त्याखाली:
परात. चारच्या आत.