खाडीचं तोंड

नाट्याच्या बंदरावर माझं औषधांचं दुकान.
कासम सोलकर तांडेल तिसरी बाटली परत घेऊन आले.
"पोरी, यात औषध नाय, खारं पाणी भरतात.
सगळं घशात उतरतं."

मारून दाखवा, म्हटलं.
त्यांनी मान मागे टाकली, डोलकाठीवरचा झेंडा बघतात तशी,
नळी उभी, रोख मधल्या पडद्यावर,
आणि श्वास असा ओढला
की फळीवरचं कॅलेंडर हललं.

चाचा, खाडीत होडी सरळ घालता?
"सरळ? वाळूचा दांडा आहे तिथं!
वाट कडेकडेनं..."
बोलता बोलता थांबले.

मग मान खाली.
उजव्या नाकपुडीला डावा हात.
नळीचं तोंड कानाकडे.
श्वास अगदी थोडा,
फुलाला घाबरवू नये इतका.

आठ महिने वास नव्हता.
लिलावात बांगडा ताजा की कालचा
हे बायको त्यांचा सदरा ओढून सांगायची.

सतराव्या दिवशी उजाडताच दारात.
काय आलं पहिलं?
"डिझेल," म्हणाले. "टाकीला चीर आहे.
कधीपासून गळतंय, कोण जाणे."

माझा चहा उचलून त्यांनी नाकाशी धरला.
प्यायले नाहीत.
परतही दिला नाही.