काळी तार

क्रेन नाही. साखळीची कप्पीही नाही.
कोठाराची तुळई म्हणाल, तर ती स्वतःच टेकू मागते.
आहेत ते दोन बाटली-जॅक, त्यातला एक तेल गाळणारा,
रेल्वेने टाकून दिलेले बावीस स्लीपर,
आणि शेजारचा इसब्रांड, वय एकाहत्तर.

सस्कॅचेवानमधला ऑक्टोबर. पॉप्लर रिकामे झालेत.
बर्फाला आठवडा, फार तर दहा दिवस.

आधी केबिन हलकी करायची.
दारं उतरवली. काच उतरवली. सीट उचललं तर खाली
गव्हाचे दाणे, सत्त्याहत्तर सालची तोलाईची पावती,
आईची हेअरपिन.
ती खिशात टाकली. इसब्रांडला सांगितलं नाही.

स्टिअरिंगचा सांधा सोडला, ब्रेकची नळी सोडली,
हीटरच्या पाइपातलं हिरवं पाणी सगळं माझ्या बाहीत.
बोल्ट सहा. चार सुटले.
पाचवा तापवला, ठोकला, त्याला शिव्या दिल्या.
आमच्या घरच्या बोलीत शिव्या फार नाहीत,
म्हणून त्याच त्याच दिल्या.
सहावा कापला.

मग बोटभर या बाजूला, खाली फळी.
बोटभर त्या बाजूला, खाली फळी.
"हात घालू नकोस," इसब्रांड दर वेळी म्हणाला.
त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत.
दर वेळी ऐकलं.

दुपारभर केबिन चढत राहिली,
सायीसारखी, बघत बसलं तर न दिसणारी.
शेवटी आरपार दोन लांब वासे, टोकांना स्लीपरचे चार ढीग,
आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला:
ही कुठेच जाणार नाहीये.
जायचंय ते खालच्याला.

टीनाने ट्रॅक्टरला दोर बांधला, पहिला गियर टाकला.
चाकं, चासी, इंजिन, सगळं हळूहळू निघालं
जेवणाच्या टेबलाखालून कुत्रं निघावं तसं,
आणि मध्येच केबिन थरथरली.
"थांब!" टीनाला ऐकूच गेलं नाही.
ताड्कन काहीतरी तुटलं.
ढीग डुलले. थांबले.
इसब्रांडने टोपी काढली, परत घातली.

रात्री स्विफ्ट करंटच्या वृद्धाश्रमातून बाबांचा फोन.
चाळीस हंगाम त्यांनी हाकला हा ट्रक.
"निघाली?"
निघाली.
"मागे, इंजिनापासून केबिनला एक काळी तार आहे.
सगळे विसरतात. सोडलीस ना आधी?"

टेबलावर हेअरपिन होती. शेजारी
वीतभर काळी तार, एका टोकाला पिंजलेली.

हो, म्हटलं.
बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत.
"बरं," म्हणाले, "नवी घालताना जाड घाल."